नाचऱ्या तारेचे सहा चुंबक

१४ मे, मंगळवार

साडेदहाला फोन. सोयगावहून. मी नेहमीसारखी आवाजात साखर घालून म्हणाले, ‘बोला, कोणता खोका आहे? कुठं अडलं?’ आमच्या विज्ञान-खेळांच्या प्रत्येक खोक्यावर माझाच नंबर छापलाय. कुणाचा दिवा लागत नाही, कुणाची मोटर फिरत नाही, की आईबाप मला विचारतात. मला आवडतं ते काम.

पलीकडे म्हातारा माणूस. नाव नानासाहेब. म्हणाला, ‘ताई, तुमच्या खोक्यातले लोहचुंबक लेकराच्या पोटात गेले तर काय करायचं असतं? कागदावर काय लिहिलेलं नाय.’

लेकरू म्हणजे नातू. शिवम, पावणेदोन वर्षांचा. खोका त्याच्या मोठ्या बहिणीचा — राजनंदिनीचा. चौथी पास झाली म्हणून आजोबांनीच मागवला होता. पोरगा चार दिवस ओकत होता. गावातल्या डॉक्टरांनी ऊन लागलंय म्हणून औषध दिलं. काल पोटाचा फोटो काढला तर आत तीन गोल ठिपके, एकमेकांना चिकटलेले. आता इथं घाटीत, सरकारी दवाखान्यात आणलंय. वॉर्डाबाहेरून बोलत होता.

मी काय उत्तर दिलं आठवत नाही. ‘सरांना सांगते,’ म्हणाले बहुतेक.

१५ मे, बुधवार

ऑपरेशन काल दुपारीच झालं. एक चुंबक आतड्याच्या एका वेटोळ्यात होता, दोन दुसऱ्यात. त्यांनी एकमेकांना ओढून धरलं. मधलं आतडं चेपलं, कुजलं, भोकं पडली. वीतभर कापून काढलं म्हणे. पावणेदोन वर्षांच्या मुलाचं वीतभर!

ऋतुराज सरांना कालच सांगितलं. कारखाना त्यांचा — चिकलठाण्याला भाड्याची शेड, आम्ही सात बायका. त्यांचं पहिलं वाक्य, ‘आठ वर्षांवरील मुलांसाठी, असं छापलंय ना खोक्यावर?’ छापलंय. ठळक छापलंय. पावणेदोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं.

‘नाचरी तार’ हा आमचा सगळ्यात खपणारा खोका. एक सेल, हातभर तांब्याची तार, सहा चुंबक. तीन चुंबक सेलच्या बुडाला लावायचे, तार वाकवून सेलवर तोलायची, की ती आपली आपण गरगर फिरते. उरलेले तीन पुढच्या प्रयोगाला. चुंबक शर्टाच्या गुंडीएवढे, चकचकीत. पोरं हरखतात. पहिल्यांदा फिरवली तेव्हा मीही हरखले होते, आणि मी तर नागसेनवनातल्या कॉलेजात बी.एस्सी. करून पुढं नऊ वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळलेली बाई.

खोक्यातला कागद मी लिहिते. पद्धत माझीच. नवा खोका घरी न्यायचा, माझ्या लेकीपुढं, रूपापुढं ठेवायचा आणि गप्प बसून बघायचं. सांगायचं नाही, मदत करायची नाही. बारा वर्षांची पोर जिथं अडेल तिथं कागदात एक ओळ वाढवायची. शेवटी ती चाचणीच्या फॉर्मवर तिच्या शब्दांत लिहून देते. एवढं कोण करतं? मला ह्याचा केवढा ताठा होता.

आणि रूपा चुंबकांशी अडलीच नाही. खेळ झाला की ती वस्तू मोजते, मोठ्यानं, आणि डबीत घालते. सवय मीच लावलेली, ती चार वर्षांची असल्यापासून. आमच्या घरात चुंबक जमिनीवर राहिलाच नाही कधी. मग ‘मोजून ठेवा’ हे लिहायचं सुचणार कसं? जे घरात घडतच नाही ते दिसत नाही.

दिवसभर हेच स्वतःला सांगतेय.

१६ मे, गुरुवार

आठव्या दिवशी नळाला पाणी आलं. सगळं भरून घेतलं. सोयगावकरांचा फोन नाही. मीही केला नाही.

१७ मे, शुक्रवार

घाटीत जाऊन आले. सर म्हणाले होते, ‘जा, फळं न्या. पण काही कबूल करू नका.’

शिवम आत, नळ्यांमध्ये. त्याची आई भिंतीला टेकून बसलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. नानासाहेब मात्र बाकावरून उठले. ‘बसा ताई, उन्हातान्हाचं आलात.’ शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

राजनंदिनी खाली फरशीवर बसली होती. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. मला म्हणाली, ‘तुम्हीच का त्या विशाखाताई? कागदावर नाव हाय तुमचं.’ मी मान हलवली. मग हळूच, गुन्हा सांगावा तशी म्हणाली, ‘माझी तार पहिल्याच खेपेला फिरली होती.’

तिची आत्या डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, ‘हिलाच लई नाद. पोरीच्या जातीला कशाला पायजेत मोटरी न् बिटरी? भाऊ घालवला असता हिनं.’ कुणी तिला गप्प केलं नाही. आजोबा दुसरीकडं बघत राहिले. पोरगी रडलीसुद्धा नाही, नुसती रिबीन बोटाला गुंडाळत बसली.

मला एवढंच म्हणायचं होतं — बाळ, तुझी चूक नाही, कागद माझा आहे. कितीसे शब्द ते. फळांची पिशवी बाकावर ठेवली आणि निघून आले.

१८ मे, शनिवार

सरांच्या वकिलांनी मजकूर तयार करून पाठवला. ‘सदर संचाची मुलांकडून घरगुती चाचणी घेण्यात आली असून चाचणीत कोणताही धोका निदर्शनास आला नाही.’ खाली — चाचणी प्रमुख, आणि माझं नाव. ‘प्रमुख’ मी कधी झाले? बढती मिळाली ती अशी! तीनदा वाचलं. शब्द न् शब्द खरा वाटला. सही केली.

घरी आल्यावर भामाबाईंना सांगितलं. त्या माझ्या सासूबाई. दिवसभर काही विचारत नाहीत आणि विचारलं की नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात.

‘लेकराच्या पोटात लोखंड गेलं अन् तू सही करून आलीस व्हय?’

‘आत्याबाई, त्यात खोटं काही नाही.’

‘खरं असल तर सही कशाला लागती मग?’

ह्यांचा चाकणहून फोन आला. ते म्हणाले, ‘नोकरी सांभाळ. आपलं नाव कुठं येऊ देऊ नको.’ नाव कागदावर आधीच छापलंय, तेही तीनशे अकरा वेळा.

२० मे, सोमवार

तीनशे अकरा ‘नाचऱ्या तारा’ लोकांच्या घरात आहेत. नोंदवही माझ्याच कपाटात असते — नाव, गाव, फोन. जेवणाच्या सुट्टीत मेसेज लिहिला.

‘नाचरी तार या खोक्यातले चुंबक आत्ता मोजा. सहा हवेत. कमी असतील आणि घरात लहान मूल असेल तर त्याला लगेच दवाखान्यात न्या, पोटाचा फोटो काढायला सांगा. वाट पाहू नका.’

पाठवण्याआधी सरांना दाखवला. तिथंच चुकलं. हात दाखवून अवलक्षण.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मीही भांडले असते, भांडायला मला काही वेळ लागत नाही. ते शांतपणे म्हणाले, ‘विशाखाताई, एक केस झालीय. एक. हा मेसेज उद्या सगळ्या शहरात फिरेल. शेड बंद करावी लागेल. बाहेर ज्या सहा जणी बसल्यात त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. चंपाबाईला आधी सांगा.’ चंपाबाईचा नवरा तीन वर्षं अंथरुणावर आहे. तिला दुसरीकडं कुणी ठेवणार नाही. माझी नस त्यांना बरोबर ठाऊक आहे. ‘पोराला बरं होऊ दे. मग शांतपणे बघू.’

काचेतून बघितलं. चंपाबाई चुंबक भरत होती, सहा-सहाच्या ढिगल्या करून. तिचा हात एकदाही चुकत नाही.

मेसेज फोनमध्येच राहू दिला. पुसलाही नाही, पाठवलाही नाही.

२१ मे, मंगळवार

शिवमला पुन्हा ऑपरेशनला आत घेतलं. टाक्यांतून पू येत होता. जेवले नाही.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. विद्यापीठामागं लेणीवर गेलो, मी, रूपा, भामाबाई, तिघी. उन्हाआधी जायचं म्हणून सहालाच निघालो, तरी गर्दी. पांढऱ्या साड्या, लहान मुलं, सरबताचं वाटप. गर्दीत जे जे कडेवरचं मूल दिसलं त्याच्या तोंडाकडं, हाताकडं बघत होते. वेड लागायची पाळी.

पंचशील घेताना चौथ्या शीलाशी आवाज फुटेना. खोटं न बोलण्याचं. मी खोटं कुठं बोलले? गप्प बसले फक्त. पण मग तीच ओळ का अडली? रूपानं माझ्याकडं पाहिलं आणि ती ओळ तिनं जरा जोरात म्हटली, माझ्या वाटणीचीसुद्धा.

२५ मे, शनिवार

शिवमनं पेज घेतली! नानासाहेबांनी स्वतःहून फोन केला. ‘दोन चमचे घेतली, ताई. पोटात टिकली. म्हटलं तुमालाबी सांगावं.’ मी शेडच्या मागं जाऊन पोटभर रडले. दुपारी अकरा दिवसांत पहिल्यांदा भाकरी गोड लागली.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवते. रडून झाल्यावर मनात पहिला विचार काय आला? की आता मेसेज नाही पाठवला तरी चालेल.

२७ मे, सोमवार

सर खुशीत. शाळा उघडायच्या आत नवा खोका आणायचाय, ‘पाण्यावरचं चक्र’. मी घरी आणला. चटईवर मांडला, फॉर्म ठेवला, रूपाला हाक मारली.

‘मी नाही करणार.’

म्हटलं, बरं नाही का? तर म्हणाली, ‘तू वाचत नाहीस मी लिहिलेलं. मग कशाला करू?’

मी म्हणाले, प्रत्येक फॉर्म वाचते, अक्षर न् अक्षर वाचते. मला रागच आला. तेव्हा ती म्हणाली, ‘नाचऱ्या तारेच्या फॉर्मवर मी लिहिलं होतं ना, चुंबक मोजायचं पण लिहा म्हणून. तू लाल पेनानं खोडलंस. माझ्यासमोर.’

मी म्हटलं, असं काही झालं नाही.

ती उठून आजीजवळ जाऊन बसली. भामाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

२८ मे, मंगळवार

सापडला. जुन्या फॉर्मांची फाइल माझ्याच कपाटात, नोंदवहीच्या खाली. पंधरा दिवस मी ती उघडली नव्हती. का उघडली नव्हती, हे आता कुणाला सांगू?

रूपाचं गोल अक्षर. ‘तार ४ मिनिटात फिरली. खूप मजा आली. चुंबक एकदम ताकदवान आहेत, हरवले तर कपाटाखाली चिकटतील नाहीतर कुणी बाळ खाईल. म्हणून खेळ झाल्यावर ६ मोजायचे. हे पण लिहा.’ त्या शेवटच्या दोन वाक्यांवर लाल रेघ. समासात माझ्या अक्षरात — ‘नको.’

जागा नव्हती म्हणून नव्हे. कागदाला खाली चार बोटं जागा शिल्लक आहे.

खरं कारण लिहिते. आठवीत असताना शाळेच्या प्रयोगशाळेतून नालाकृती चुंबक हरवला. विज्ञानाच्या सरांनी सगळा वर्ग उभा केला आणि दप्तरं फक्त आम्हा तिघींची उलटी केली. आमच्या वस्तीतल्या तिघींची. वह्या, डबा, सगळं जमिनीवर. आठवड्यानं लोखंडी कपाट हलवलं तेव्हा चुंबक खाली चिकटलेला सापडला. कुणी एक अक्षर बोललं नाही. त्या दिवसापासून मी कुठलीही वस्तू परत करताना मोठ्यानं मोजून परत करते, समोरच्याला ऐकू जाईल असं. मोठेपणी प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आली तरी मोजत होते. रूपालाही तेच शिकवलं. का ते कधी सांगितलं नाही. तिला तो खेळाचाच भाग वाटतो.

आणि तिचं ते वाक्य वाचल्यावर माझ्या अंगाची लाही झाली होती. आता स्पष्ट आठवतंय. लेकरांच्या हातात गंमत द्यायची आणि वर त्यांना चोरासारखं मोजायला लावायचं? माझ्या कागदावर नाही! म्हणून ‘नको’. ते ‘कुणी बाळ खाईल’ माझ्या डोळ्यांनी वाचलं आणि डोक्यात शिरलंच नाही, कारण डोकं आठवीच्या वर्गात उभं होतं.

म्हणजे मला सुचलं नव्हतं असं नाही. माझ्या पोरीला सुचलं होतं, आणि मी खोडलं. आणि ‘कोणताही धोका निदर्शनास आला नाही’ ह्याच्यावर सही माझी आहे.

राजनंदिनी अजून फरशीवर बसली असेल.

२९ मे, बुधवार

वीस तारखेचा मेसेज पाठवला. एक शब्द बदलला नाही, फक्त खाली माझं नाव घातलं. एकेक नंबर घालत, घरीच, काल आणलेली नोंदवही मांडीवर घेऊन. रूपानं नंबर वाचून दाखवले. दुपारी एक ते सहा. बरेचसे पोचले, चाळीसेक नंबर बंद. त्यांना उद्या पोस्टकार्ड.

मग सरांना फोन. तेही सांगितलं आणि फॉर्मबद्दलही. म्हटलं, ती सही मी मागे घेते, फॉर्मची प्रत वकिलांकडं पाठवतेय, आणि सोयगावकरांनाही. ते मग म्हणाले, ‘उद्यापासून येऊ नका.’ मी चंपाबाईबद्दल काहीतरी बोलायला गेले तर फोन बंद.

नंतर नानासाहेबांना. राजनंदिनीला फोन द्या म्हटलं. तिला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. ती ऐकत राहिली. शेवटी तिनं विचारलं, ‘म्हणजे तुमच्या रूपानं आधीच लिहिलं होतं?’ व्हय म्हटलं. म्हणाली, ‘आत्याला सांगा ना हे. मी फोन देते.’ आत्यालाही सांगितलं. आत्या मला जे बोलली ते इथं लिहीत नाही. माझ्या हक्काचं होतं.

३० मे, गुरुवार

दिवसभर फोन खणखणतोय. ‘सहा आहेत.’ ‘सहा.’ ‘ताई, सहाच आहेत, घाबरवलंत उगाच.’ एकानं विचारलं, इतके दिवस झोपला होता का? बहुतेकांनी नुसता अंगठा पाठवला. रूपा नोंदवहीत खुणा करतेय. संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा खुणा. भामाबाई म्हणाल्या, ‘आता दोन घास खा.’ खाल्ले. वाटलं, सुटले.

३१ मे, शुक्रवार

सकाळी सातला फोन. पडेगावहून. सरिता म्हणून बाई. ‘ताई, आमी गावाला गेलतो, मेसेज आत्ता बघितला. आत्ताच मोजले. चारच भरत्यात. धाकटी दीड वर्षाची हाय, सोमवारपासून ओकतीय. आमी म्हणत होतो आंबे बाधले. आज डोळेच उघडंना.’

मी म्हटलं, काही पाजू नका, जशा आहात तशा निघा, मी घाटीच्या दारात उभी राहते. ‘व्हय, व्हय,’ म्हणत होती. मागं कुणीतरी रिक्षाला हाक मारत होतं.

फोन ठेवताना म्हणाली, ‘ताई, तुमी कळवलं म्हणून. लई उपकार झाले तुमचे.’